कोरडं तेल

दर दहा-पंधरा वर्षांनी आपल्याकडे कोळशापासून डिझेल निघतं. वर्तमानपत्रात निघतं, टाकीत उतरल्याचं अजून कोणी पाहिलेलं नाही. परवा भाच्यानं मोबाइलवर तसलीच बातमी पाठवली. देशात कोळसा अमाप आहे, त्याचा वायू करायचा, वायूचं तेल करायचं, मग बाहेरून डिझेल आणायला नको. खाली त्यानं लिहिलं होतं, ‘मावशी, तुझं फील्ड!’ मी मोबाइल पालथा ठेवला आणि भाजी निवडायला घेतली.

माझं फील्ड म्हणजे आयुष्यभराची नोकरी. खडकीच्या पुढे, रुळांच्या जवळ, एक लहानशी प्रयोगशाळा होती. आता ती नाही, त्या जागेवर गाड्या धुतात. तिथे आम्ही इंधनं तपासायचो. त्यातलं सांगण्यासारखं जे आहे ते एका शब्दाबद्दल आहे, आणि तो शब्द मी लिहिला होता. शेवटी सांगणारी बाई सुधारते अशा गोष्टी ज्यांना आवडतात, त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

मी लागले तेव्हा तेलाचे भाव भडकलेले होते. पंपांवर रांगा, रॉकेलला रांगा, आणि दिल्लीहून रोज एक नवं पत्रक. कोणीतरी म्हणालं कोळशातून डिझेल काढा, म्हणून पूर्वेकडच्या कोळसाखाणींच्या मुलखात एक छोटा प्रायोगिक कारखाना उभा राहिला. तिथे कोळसा वाफेत आणि मोजक्या हवेत जाळून त्याचा वायू करत, तो वायू धूत, आणि उत्प्रेरकावरून नेऊन त्याचं तेल बनवत. ते तेल इंजिनात चालतं का, हे बघायचं काम आमच्याकडे होतं.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होते. नारायण पेठेतून सायकलनं खडकीला जायचे. नोकरी तात्पुरती, सहा-सहा महिन्यांनी वाढवून मिळणारी. मला घेतलं ते मात्र रसायनशास्त्रासाठी नव्हे, इंग्रजीसाठी. माझे वडील शाळेत इंग्रजी शिकवायचे. घरी इंग्रजीत छापलेली लग्नपत्रिका आली की ती आधी लाल पेन्सिलीखालून जायची आणि मग लग्नाला जायचं की नाही ते ठरायचं. अशा घरात वाढलेल्या मुलीला अहवाल लिहायला बसवलं, तर तिला आपण देशाची सेवा करतोय असं वाटलं यात नवल नाही.

आमचे साहेब परदेशात शिकून आलेले. अतिशय सभ्य. कोणावर आवाज चढवला नाही त्यांनी कधी. त्याची गरजच पडत नसे. कोणाच्या मसुद्यात चूक असली की कागद परत सरकवायचे आणि म्हणायचे, “आपण हे पुन्हा एकदा वाचता का? या वेळी डोळे उघडे ठेवून.” माझा पहिला अहवाल वाचून त्यांनी विचारलं होतं, “आपलं शिक्षण मराठी माध्यमात झालं?” मी हो म्हणाले. “वाटत नाही,” म्हणाले. हे दोन शब्द मी कितीतरी महिने जवळ बाळगले. आज लिहितानाही ते आधी आठवले, यावरून माझी काय लायकी होती ते कळावं.

आणि आमचे मिस्त्री. ते पंपाचे मिस्त्री होते, म्हणजे डिझेल इंजिनाच्या पंपाचे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तेलाचा फवारा प्रचंड दाबानं आत मारावा लागतो. तो मारणाऱ्या पंपात एक पोलादी दांडा असतो, त्याला प्लंजर म्हणतात. तो आपल्या नळीत इतका नेमका बसतो की मध्ये केस शिरायची सोय नाही. मिस्त्री नळी उभी धरायचे, प्लंजर वरून सोडायचे आणि बघत राहायचे. आपल्या वजनानं तो सावकाश उतरायला हवा. धपकन पडला तरी बाद, अडखळला तरी बाद. आमच्याकडे यासाठी एक जर्मन मोजयंत्रही होतं. मिस्त्री आधी सांगायचे आणि यंत्र मग दुजोरा द्यायचं.

विश्रांतवाडीच्या पुढे धानोरीला त्यांचं घर. शेतकरी कुटुंब, चौथी पास, तरुणपणी एका गॅरेजात हात काळे केलेले. गोरे, उंच, कपाळावर बुक्का, खाकी शर्टाच्या खिशात नेहमी एक पांढरं स्वच्छ फडकं. रविवारी त्यांच्या दारात लोक पंप घेऊन यायचे. ट्रकवाले, ट्रॅक्टरवाले, गिरणीवाले. पंप त्यांनी पाहिलाय म्हटलं की पुढे कोणी काही विचारायचं नाही. त्यांना साहेबांच्या पगाराचं अप्रूप नव्हतं आणि खुर्चीचंही नव्हतं. आपल्या हातून गेलेला पंप परत येत नाही, हे लोकांनी म्हणावं एवढंच त्यांना हवं असायचं. ते एकदा मला म्हणाले होते, “बाई, आमच्याकडं वावर हाय, घर हाय, समदं हाय. पर गावात मानूस मला हाक मारतो ती हातासाठी मारतो.”

कोळशाचं तेल ड्रमांतून रेल्वेनं आलं. पहिला ड्रम उघडला तेव्हा सगळे जमले होते. कोळशातून निघालंय म्हणजे काळं असणार अशी प्रत्येकाची समजूत. निघालं ते पाण्यासारखं नितळ. डिझेलचा वास नाही, जरासा मेणबत्तीसारखा वास. साहेबांनी काचेच्या नळीत घेऊन ते खिडकीकडे धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्या दिवशी ते मला फार थोर वाटले.

मिस्त्रींनी अंगठा आणि तर्जनीवर एक थेंब घेतला. ते प्रत्येक तेलाचा घ्यायचे. बोटं एकमेकांवर हळूहळू चोळायची, जरा थांबायचं, पुन्हा चोळायची. चांगलं डिझेल बोटं धरून ठेवतं, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी फडक्याला बोटं पुसली.

“बाई, ह्ये तेल कोरडं हाय,” ते म्हणाले. “रॉकेलवानी. लिवा.”

शेरे लिहायचा रकाना माझ्याकडे होता. मी लिहिलं, ‘ड्राय’. रॉकेलचं लिहिलं नाही. देशाच्या एवढ्या मोठ्या प्रकल्पाचं तेल रॉकेलसारखं आहे, हे वाक्य मला अहवालात शोभणारं वाटलं नाही. आणि कोरडं म्हणजे काय हे मला विचारावंसंही वाटलं नाही. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला कोरडा द्रव म्हणजे ज्यात पाण्याचा अंश नाही तो. हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. मिस्त्रींना बोटावरून पाणी कळतं याचं मला उलट कौतुक वाटलं.

रॉकेल काय पाणी नसलेलं असतं म्हणून ते त्याला कोरडं म्हणत होते का, एवढा विचार करायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते अर्धं मिनिट मी काढलं नाही.

“लिवलं का?” त्यांनी विचारलं.

“लिहिलं.”

“बरं झालं. कागदावर असावं,” म्हणाले, आणि निश्चिंतपणे आपल्या कामाला गेले.

साहेबांनी तो शेरा वाचला. त्याखाली रेघ मारली. दिल्लीला गेलेल्या गोषवाऱ्यात तो पहिल्या वाक्यात होता: नितळ, कोरडं, गंधकाचा मागमूस नसलेलं इंधन. त्या काळी डिझेलमध्ये पाणी निघणं ही रोजची कटकट होती, त्यामुळे ‘ड्राय’ हा शब्द दिल्लीलाही फार आवडला म्हणे.

प्रयोगशाळेतल्या मोठ्या इंजिनावर तेल झकास चाललं. थंड इंजिन एका फेरीत सुरू व्हायचं. धुरासमोर धरलेला गाळणकागद, जो डिझेलवर तव्याच्या बुडासारखा व्हायचा, तो इथे पांढऱ्याचा पांढरा. साहेब तो कागद पाहुण्यांना दाखवायचे. त्या मोठ्या इंजिनाच्या पंपाला वेगळं वंगण तेल मिळायचं, त्यामुळे त्याला फरक पडला नाही, हे आता मला कळतं. मिस्त्रींना ते तेव्हाच कळत होतं. पुढची चाचणी रस्त्यावर करायची ठरली, आमच्या लहान व्हॅनमध्ये, तेव्हा ते माझ्या टेबलाशी आले. त्या व्हॅनचा पंप निराळ्या जातीचा. त्याला वेगळं वंगण नाही. आतून जे डिझेल जातं तेच त्याचं वंगण.

“साह्यबांना इचारा,” ते म्हणाले, “दर टाकीमागं पेलाभर इंजिन ऑइल घालू का. म्या समदीकडं घालतो, रॉकेलवर काय चालवायचं झालं तर. पंपाला बरं असतं.”

मी तशी चिठ्ठी साहेबांना दिली. साहेब वाचून हसले. “अहो, आपण इंधन तपासतोय. फोडणी नाही द्यायची त्याला.” नमुना शुद्ध राहिला पाहिजे, असा शेरा मारून चिठ्ठी परत आली. शास्त्राच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. मी मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, “ऱ्हायलं. कोरडं लिवलंय न्हवं तुमी? मग साह्यबांनी बगूनच ठरवलं आसंल.”

म्हणजे त्यांना वाटत होतं की इशारा पोचला. तो पोचलाच होता, फक्त प्रशस्तिपत्र होऊन.

व्हॅन रोज धावू लागली. खडकीहून होळकर पुलावरून विश्रांतवाडी, तिथून आळंदी रस्त्यानं दिघीपर्यंत, आणि परतताना येरवड्यावरून. ड्रायव्हर खूश होता. टाकी मिस्त्री स्वतः भरायचे, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. पावसाळ्याचे दिवस होते, ड्रम पत्र्याच्या शेडमध्ये होते. फनेल धुऊन, फडक्यानं पुसून, मगच तेल ओतायचे. अडीच-तीन महिने असं चाललं. मग दिल्लीची समिती आली. तीन माणसं, तिघांचेही बूट चकाकणारे. साहेबांनी ठरवलं की यांना याच व्हॅनमधून फिरवून आणायचं.

येरवड्याला तुरुंगाच्या लांबलचक भिंतीशेजारी व्हॅन आचका देऊन थांबली. ड्रायव्हरनं बराच वेळ खटपट केली. इंजिन फिरेच ना. मी मागच्या बाकावर होते, मांडीवर फायली घेऊन. सायकलवरून जाणारा एक गृहस्थ थांबला, आमच्या सगळ्यांकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, “आत जायचं असेल तर दार पलीकडून आहे.” दिल्लीकरांना मराठी कळत नव्हतं हे नशीब. त्यांना रिक्षांमध्ये बसवून परत आणलं.

व्हॅन ओढून एका गॅरेजात नेली. तिथल्या लोकांनी, कोणीही न सांगता, टाकी रिकामी करून धुऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी पंप उघडला. प्लंजर नळीत चिकटून बसला होता, अंगावर ओरखडे. मिस्त्री तो हातात घेऊन कितीतरी वेळ बसून होते. त्यांच्या हातून गेलेला पंप परत आला होता.

आठवड्यानं चौकशी झाली. दुसऱ्या विभागाचे एक अधिकारी चौकशीला, आमचे साहेब त्यांच्या शेजारी, समोर मिस्त्री, आणि टिपणं घ्यायला मी. मिस्त्री धुतलेला शर्ट घालून आले होते आणि अजिबात घाबरलेले नव्हते. त्यांच्याजवळ कागद होता ना.

अधिकाऱ्यांनी विचारलं, असा पंप जाम व्हायला काय कारणं असतात. मिस्त्रींनी सांगितलं की एक घाण, दुसरं पाणी, आणि तिसरं तेलच वंगाळ. अधिकाऱ्यांनी पहिलं लिहून घेतलं, दुसरं लिहून घेतलं.

“तेल तर उत्तम होतं,” साहेब म्हणाले. “अहवाल आहे.”

“त्येच म्हनतो म्या,” मिस्त्री पुढे सरकले. “आव्हाल काडा. बाईंनी लिवून ठेवलंय. पयल्याच दिशी म्या सांगितलं व्हतं.”

अहवाल काढला. अधिकाऱ्यांनी वाचला. “ड्राय. म्हणजे कोरडं. असं तुम्ही सांगितलंत?”

“व्हय. कोरडं.”

“नक्की?”

“नक्की. म्हनून तर पंप गेला.”

अधिकारी आधी साहेबांकडे पाहून हसले आणि मग मिस्त्रींकडे पाहून. “मिस्त्री, कोरडं होतं म्हणून पंप गेला? पंप पाण्यानं जातो. तुम्हीच आत्ता सांगितलंत. ड्रममध्ये पाणी नव्हतं हे तुम्ही स्वतः तपासून लिहून दिलंय. मग टाकीत कुठून आलं? टाकी कोण भरत होतं?”

मिस्त्रींना काय चाललंय ते कळेना. ते म्हणाले, पानी न्हवतंच. अधिकारी म्हणाले, हो, तेच, तेलात नव्हतंच. ते म्हणाले, आवो कोरडं. अधिकारी म्हणाले, हो, कोरडं. दोघं एकच शब्द एकमेकांकडे टोलवत होते. मग मिस्त्रींनी उजवा हात वर केला आणि अंगठा तर्जनीवर चोळून दाखवला, एकदा, दोनदा. आणि माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मला कळलं. पूर्ण कळलं. ते पाण्याबद्दल कधी बोललेच नव्हते. तेलात चिकणाई नाही, ते दोन पोलादांच्या मध्ये थांबत नाही, एवढं ते पहिल्या दिवसापासून सांगत होते; त्यांच्या धंद्यात त्याला कोरडं म्हणतात. आणि मी त्यांचा शब्द उचलून असा ठेवला होता की तेल निर्दोष सुटलं आणि माणूस अडकला.

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, “आपण काय लिहिलंत?”

“मिस्त्रींनी जे सांगितलं ते,” मी म्हणाले.

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. वडिलांनी लाल पेन्सिल लावली असती तरी काही सापडलं नसतं.

साहेबांनी मग फायलीतून ती चिठ्ठी काढली, इंजिन ऑइलची. या गृहस्थांना टाकीत काहीतरी घालायची इच्छा होतीच, असं ते अगदी शांतपणे म्हणाले. मिस्त्रींनी त्यानंतर कोणाकडे पाहिलं नाही. पाणी सापडलं नव्हतं, पण पाणी नव्हतं हेही सिद्ध करता येत नव्हतं, आणि आपल्याकडे गरीब माणसाला दोषी ठरवायला एवढं पुरतं. निष्कर्ष निघाला, इंधन भरताना निष्काळजीपणा. टंकलेखन मीच केलं.

मी का बोलले नाही, हे मी स्वतःला वेगवेगळ्या वयात वेगवेगळं सांगितलं आहे. माझी नोकरी कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीसाठी होता, हे एक. ती भीती खरी होती. पण ती निम्मीच. उरलेलं निम्मं असं की माझं भाषांतर चुकलं, हे वाक्य त्या खोलीत, साहेबांसमोर, माझ्या तोंडून निघेना. एका माणसाची अब्रू एका बाजूला आणि माझं इंग्रजी दुसऱ्या बाजूला, आणि मी इंग्रजी वाचवलं. महिनाभरात मी कायम झाले. घरी पेढे आणले. वडील म्हणाले, भाषा चांगली असली की माणूस कुठे अडत नाही.

मिस्त्रींना काढलं नाही. काढायला फार कागद लागतात. त्यांना आवारातल्या पाण्याच्या पंपावर बसवलं. सकाळी मोटार चालू करायची, टाकी भरली की बंद करायची. ‘पंप तो पंपच,’ असं कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले. त्यांचं नाव ‘पाणीवाले’ पडलं. पुण्यात माणसाला नाव ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. मी तिथून सायकलवरून जायचे तेव्हा ते म्हणायचे, “बाई, बरं हाय न्हवं?” मी म्हणायचे, “बरं आहे.” ते निवृत्त होईपर्यंत आमचं एवढंच बोलणं झालं. त्यांनी कधी काही विचारलं नाही, आणि विचारत नाहीत याचा मला राग यायचा.

तेलाचे भाव उतरले आणि प्रकल्प गुंडाळला गेला. साहेब बढतीवर दिल्लीला गेले. उरलेल्या ड्रमांतलं तेल कार्यशाळेत सुटे भाग धुवायला वापरलं. भाग फार छान निघायचे. लोक म्हणायचे, बोटाला अजिबात चिकट राहत नाही.

बऱ्याच वर्षांनी जगभर डिझेलमधलं गंधक काढायला लागले, हवेसाठी. आणि बाहेरून बातम्या यायला लागल्या की नव्या स्वच्छ डिझेलवर पंप जाम होतायत. स्वच्छ करताना तेलाची चिकणाईही जाते, असं लक्षात आलं. मग त्या गुणाला नाव मिळालं, लुब्रिसिटी. त्याची चाचणी आली: पोलादाची बारीकशी गोळी तेलात बुडवून चकतीवर घासायची आणि पडलेला व्रण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. ते यंत्र आमच्याकडे आलं तेव्हा मी विभागाची प्रमुख होते. कोळशाच्या तेलाची जुनी एक बाटली कपाटात उरली होती. मी ती स्वतः तपासली. व्रण बघून हाताखालचा मुलगा म्हणाला, “मॅडम, यावर पंप चालणं शक्यच नाही.” पुढे एका परिषदेत चहाच्या वेळी एका परदेशी इंजिनिअरनं सांगितलं की त्यांच्याकडचे मेकॅनिक असल्या तेलाला पूर्वीपासून ‘ड्राय’च म्हणतात. म्हणजे माझं भाषांतर बरोबर होतं. चुकले होते ती मी.

या विषयावर मी भाषणं दिली. कोळशापासून बनवलेल्या डिझेलमध्ये वंगणासाठी पूरक द्रव्य घातल्याशिवाय ते वापरू नये, असं मी ठिकठिकाणी सांगितलं. म्हणजे पेलाभर इंजिन ऑइल. फक्त ते मी इंग्रजीत सांगितलं. निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ देताना वक्ते माझ्या दूरदृष्टीबद्दल बोलले. मी शाल घेतली.

त्यानंतर काही महिन्यांनी मी धानोरीला गेले. इतक्या वर्षांत गेले नव्हते ती तेव्हा का गेले? आता माझं कोणी काही बिघडवू शकत नव्हतं म्हणून गेले, दुसरं काही कारण शोधू नये. शेतं कुठेच दिसेनात. त्यांच्याच वावरात उभ्या राहिलेल्या इमारतीत त्यांना दोन फ्लॅट मिळाले होते. ते दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते, नजर अधू झालेली. सुनेनं माझं नाव सांगितलं. ते लगेच म्हणाले, “आव्हालवाल्या बाई.”

मी विचारलं, अजून पंप बघता का. म्हणाले, न्हाई. लोक येईनासे झाले असतील, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. ते तसं नव्हतं.

“लोक येत व्हते,” ते म्हणाले. “लई दिस येत व्हते. त्यांना हापिसाचं काय घेनं? म्याच हात लावला न्हाई. त्या दिशी म्या फनेल धुतलं व्हतं, ह्ये आठवतंय. पुसलं व्हतं का न्हाई, त्ये आठवत न्हाई. किती डोकं खाजवलं. पोराला पन ह्या धंद्यात घातला न्हाई. म्हनलं, आपल्या हाताचा भरवसा न्हाई, त्याला काय शिकवावं?”

फनेल. तीस वर्षं हा माणूस एक फनेल पुसत बसला होता.

मी सांगितलं. पाणी नव्हतं. कधीच नव्हतं. तेलच तसं होतं, तुम्ही म्हणालात तसं. मी शब्द लिहिला पण अर्थ लिहिला नाही. यंत्राचं सांगितलं, गोळीचं, व्रणाचं. ते ऐकत होते. मध्ये त्यांची सून येऊन दारात उभी राहिली. माझं बोलणं संपलं. खाली कुठेतरी सिमेंट कालवायचं यंत्र चालू होतं.

मग त्यांनी विचारलं, “तुमाला कवा उमगलं ह्ये?”

अगदी साधा प्रश्न होता. त्यात संशय नव्हता. त्यांना खरंच फक्त माहिती हवी होती. उत्तर चार शब्दांचं होतं: त्याच दिवशी, त्याच खोलीत. तेच सांगायला मी इतक्या लांब आले होते.

“आत्ता,” मी म्हणाले. “नोकरीच्या शेवटी शेवटी. नवं यंत्र आलं तेव्हा.”

ते मान हलवत राहिले, आणि त्यांचा चेहरा सैल पडत गेला. “मग तुमची काय चूक वो? तुमालाबी ठावं न्हवतं. साह्यबांना ठावं न्हवतं. कोनालाच ठावं न्हवतं.” डोळे पुसून ते सुनेकडे वळले. “आगं, बग. ह्यांना कळलं तशा सांगाया आल्या. न सांगून चाललं नसतं का? अशी मानसं ऱ्हायली न्हाईत आता. पाया पड त्यांच्या.”

ती पुढे आली, पदर सारखा केला आणि वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.